जीर्ण द्रव्याचें पुनरुपयोजन : ठाणें-कल्याणकडील कांहीं पुरावे

एका कामांतून उरलेलें द्रव्य टाकून न देतां तेंच दुसऱ्या कामाचें साधन करणें, यास हल्लीं 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात. नांव नवें आहे. व्यवहार जुना आहे. ठाणें व कल्याण येथील पुरावे पाहतां मात्र या व्यवहाराला दोन बाजू दिसतात. द्रव्य वांचतें, पण त्या द्रव्यावर कोरलेलें किंवा लिहिलेलें बहुधा नाहींसें होतें. या दुसऱ्या बाजूकडे संशोधकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शास्त्राधार पाहूं. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोष्ठागाराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. तेथें कोळसे व कोंडा धातूच्या कारखान्यांस आणि भिंती लिंपणारांस द्यावा, व कण्या दास, कामकरी आणि स्वयंपाकी यांस द्याव्या, असें विधान आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील द्रव्यशुद्धिप्रकरणांत तांब्यापितळेची शुद्धि राख, आंबट व पाणी यांनीं, आणि मातीच्या भांड्याची पुन्हां भाजण्यानें सांगितली आहे. वस्तु दूषित झाली तरी होतां होईल तों तिला व्यवहारांत परत आणावें, असा या दोन्ही ग्रंथांचा कल दिसतो.

आतां तांबें घेऊं. इ. स. १७८७ त ठाण्याच्या किल्ल्यांत नव्या कामासाठीं खणतांना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) चा ताम्रपट सांपडला. 'एशियाटिक रिसर्चेस'च्या १७८८ त निघालेल्या पहिल्या खंडांत त्याचें भाषांतर प्रसिद्ध झालें. हा ताम्रपट जमिनींत होता म्हणून राहिला. बाजारांत गेला असता तर मोडीच्या भावानें विकला जाऊन त्याची घागर झाली असती. घागर कांहीं वाईट नव्हे. परंतु तिच्यावरून शिलाहारांची वंशावळ लावतां येत नाहीं.

दगडाची गोष्ट अशीच. कल्याणच्या किल्ल्याची भिंत इंग्रजी अमलांत उतरवून तिचे दगड कल्याण व ठाणें येथील धक्क्यांस लाविले गेले. बांधणाराच्या दृष्टीनें हा शहाणपणाचाच व्यवहार होता. नवी खाण खणावी लागली नाहीं. परंतु धक्क्यांत बसलेला दगड भिंतीच्या कोणत्या भागाचा, हें तो दगड सांगत नाहीं. तें काढतेवेळींच टिपावें लागतें.

आपल्या वर्गास सर्वांत जवळचें द्रव्य कागद. जुना हातकागद जन्मतःच टाकाऊचा. चिंध्या, जुनी गोणपाटें व दोर चुन्यांत भिजवून, कुटून त्यांचा लगदा करीत. ताव कापतांना पडलेल्या कडाही पुन्हां त्याच लगद्यांत जात. ज्या जुन्नरी व दौलताबादी कागदावर आपलीं दप्तरें लिहिलीं गेलीं तो असा चिंध्यांतून आला, आणि त्यांतील कितीएक कागद शेवटीं वाण्याच्या पुड्यांस गेला. राजवाड्यांनीं १८९८ त साधनांचा पहिला खंड छापला व १९१० त पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तें याच ओघाच्या आड उभें राहण्यासाठीं.

तो ओघ अद्यापि थांबलेला नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं कल्याणांत एका रद्दीच्या दुकानीं शाळेच्या जुन्या वह्यांखालीं मोडी कागदांचा एक जुडगा मला दिसला. तो मी वजनानें विकत घेतला. घरीं उलगडतां शेतसाऱ्याच्या पावत्या व एका वांटपाचा कागद निघाला. वांटपाचा उत्तरार्ध नव्हता. दुसरे दिवशीं चौकशीस गेलों, तों त्याच वाड्यांतून आलेलें दुसरें गांठोडें आदल्या आठवड्यांतच गिरणीस गेल्याचें कळलें. त्याचा नवा कागद झाला असेल; त्या घराची हकीकत अर्धीच राहिली.

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेनें मे २०२० पासून ओला व सुका कचरा निराळा देण्याचा नियम कडकपणें लागू केला, व २०२१ त आधारवाडी येथें कचरा टाकणें बंद झालें. हें उत्तम झालें. ओल्यांत कुजणारा कागद आतां कोरडा राहतो व निवडणाराच्या हातांतून जातो. मात्र तो गिरणीसही लवकर पोंचतो. म्हणून संग्राहकांनीं निवडणारांशीं व रद्दीवाल्यांशीं संबंध ठेवावा. मोडी वाचतां आली नाहीं तरी ओळखतां येते : ओळीवर आधींच ओढलेली अखंड रेघ. असा कागद, सुटीं पोथीपानें किंवा कोरीव तांब्याचा पत्रा दिसल्यास बाजूस ठेवण्यास सांगावें, आणि रद्दीहून अधिक दाम द्यावा.

द्रव्य अवश्य फिरत राहावें. लेख मात्र नक्कल झाल्यावांचून फिरूं नये. वाचकांच्या संग्रहांत रद्दींतून किंवा मोडींतून वांचलेलें कांहीं असल्यास त्यांनीं त्याची हकीकत या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंति आहे.