तारांगणातील संगीत मैफल

तारांगणातील संगीत मैफल म्हणजे तारांगणाच्या अर्धगोल घुमटाखाली, घुमटभर प्रक्षेपित होणाऱ्या दृश्यांच्या साथीने होणारे संगीताचे सादरीकरण. वादक प्रत्यक्ष उपस्थित असतात आणि प्रेक्षक तारकादर्शनाच्या आसनांवर मागे रेलून ऐकतात व पाहतात. अशा मैफलींसाठी तंतुवाद्य चतुष्टय, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असा चार वादकांचा संच, विशेष सोयीचा ठरतो. त्यास जागा कमी लागते व मंचाची उभारणी करावी लागत नाही. ध्वनिवर्धनाशिवायही तो लहान सभागृहात स्पष्ट ऐकू येतो.

पार्श्वभूमी

आधुनिक तारांगणाचा जन्म जर्मनीत झाला. घुमट फिरवण्याऐवजी तो स्थिर ठेवून मध्यभागी ठेवलेल्या यंत्राने त्यावर तारे प्रक्षेपित करावेत, ही कल्पना झाइस कंपनीतील अभियंता वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी मांडली. त्यानुसार बनलेल्या प्रक्षेपकाचे पहिले प्रात्यक्षिक ऑक्टोबर १९२३ मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये झाले. अंधार, शांतता, वर्तुळाकार बैठक आणि माथ्यावर पसरलेले आकाश या वातावरणात संगीताला आरंभापासूनच स्थान मिळाले. मात्र दीर्घकाळ ते निवेदनामागे वाजणारे ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीत एवढ्यापुरतेच मर्यादित होते.

इतिहास

घुमटाखाली संगीतालाच केंद्रस्थान देण्याचा प्रसिद्ध आरंभीचा प्रयोग सॅन फ्रान्सिस्को येथील मॉरिसन तारांगणात झाला. संगीतकार हेन्री जेकब्स आणि चित्रपटकार जॉर्डन बेलसन यांनी १९५७ ते १९५९ या काळात तेथे 'व्होर्टेक्स' नावाच्या मैफलींची मालिका सादर केली. संगीत ध्वनिमुद्रित व बहुतांशी इलेक्ट्रॉनिक असे, पण घुमटाभोवती बसवलेल्या अनेक ध्वनिक्षेपकांतून आवाज श्रोत्यांभोवती फिरवला जाई आणि त्याबरोबर अमूर्त प्रकाशाकृती घुमटावर उमटत.

फेब्रुवारी १९७३ मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या ध्वनिमुद्रिकेचा पत्रकारांसाठीचा परिचय-कार्यक्रम लंडनच्या तारांगणात झाला. ध्वनीचे चतुर्मार्गी मिश्रण वेळेत तयार झाले नाही, म्हणून वृंदातील बहुतेक सदस्यांनी त्या कार्यक्रमावर बहिष्कार घातला. घुमटातील कार्यक्रमात ध्वनिव्यवस्था किती निर्णायक असते, याचे हे बोलके उदाहरण आहे. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत आयव्हन ड्रायर यांचा 'लेझेरियम' हा लेसर-प्रकाशाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात संगीत मुद्रित असले, तरी लेसर हाताळणारा कलावंत प्रत्येक प्रयोगात प्रत्यक्ष काम करी.

१९८३ मध्ये इव्हान्स अँड सदरलँड कंपनीचा 'डिजिस्टार' हा संगणकीय प्रक्षेपक अमेरिकेतील रिचमंड येथे बसवण्यात आला. पुढे डिजिटल चित्रप्रक्षेपणाने संपूर्ण घुमट हाच पडदा बनला आणि ताऱ्यांपलीकडची कोणतीही हलती दृश्ये दाखवणे शक्य झाले. आजच्या मैफली याच तंत्रावर उभ्या आहेत.

चतुष्टय आणि आकाश

तंतुवाद्य चतुष्टय हा प्रकार अठराव्या शतकात ऑस्ट्रियन संगीतकार योझेफ हायडन यांच्या हातून परिपक्व झाला. १७९२ साली इंग्लंडमधील वास्तव्यात हायडन यांनी स्लाउ येथे विल्यम हर्शेल यांच्या प्रचंड दुर्बिणीला भेट दिली होती. युरेनसचा शोध लावणारे हर्शेल मूळचे व्यवसायाने संगीतकार होते.

अवकाश आणि चतुष्टय यांना थेट जोडणारी आधुनिक रचना म्हणजे टेरी रायली यांची 'सन रिंग्ज' (२००२). नासाच्या कला-उपक्रमाच्या प्रेरणेने ती क्रोनोस क्वार्टेटसाठी रचली गेली. आयोवा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ डॉन गर्नेट यांनी अवकाशयानांवरील उपकरणांद्वारे टिपलेल्या प्लाझ्मा-लहरींचे श्राव्य रूपांतर तिच्यात वाद्यांबरोबर ऐकू येते. तिचे प्रयोग सभागृहांत दृश्यप्रक्षेपणासह झाले. तारांगणातील मैफलींसाठी ती स्वाभाविक आदर्श ठरते. याच क्रोनोस क्वार्टेटने २००५ मध्ये आशा भोसले यांच्यासह राहुलदेव बर्मन यांच्या गीतांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

प्रत्यक्ष अवकाशात गेलेल्या संगीतातही चतुष्टय आहे. १९७७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण ध्वनितबकडीवर २७ संगीतखंड आहेत. त्यांतील अखेरचा खंड बीथोव्हन यांच्या ओपस १३० या चतुष्टयातील 'कॅव्हाटिना' हा आहे. त्याआधी एकच खंड सोडून गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी आहे. केसरबाईंचे निधन १६ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे व्हॉयेजर-१ च्या उड्डाणानंतर ११ दिवसांनी झाले.

दृश्यतंत्र

घुमटासाठीचे चित्र चौकोनी नसून वर्तुळाकार असते. वर्तुळाचा मध्य म्हणजे घुमटाचा माथा आणि परिघ म्हणजे क्षितिज. हे चित्र एकाच मत्स्यनेत्र भिंगातून किंवा परिघावर बसवलेल्या अनेक प्रक्षेपकांतून घुमटावर टाकले जाते. अनेक प्रक्षेपक असल्यास त्यांच्या चित्रांच्या कडा एकमेकींत मिसळून घ्याव्या लागतात. घुमटाच्या एका बाजूचा उजेड परावर्तित होऊन दुसऱ्या बाजूवर पडतो व काळोखी दृश्ये फिकट होतात. हे टाळण्यासाठी घुमटाला पांढऱ्याऐवजी करडा रंग देण्याची पद्धत आहे. दृश्य वेगाने फिरवल्यास बसलेल्या प्रेक्षकालाही गरगरल्यासारखे होते, म्हणून मैफलीसाठी संथ हालचालींची दृश्ये निवडली जातात.

संगीत आणि दृश्य यांचा मेळ दोन प्रकारे साधतात. पहिल्या प्रकारात दृश्यफीत आधीच तयार असते आणि वादक कानातील तालठोक्यांनुसार वाजवतात. दुसऱ्या प्रकारात दृश्ये हाताळणारा तंत्रज्ञ स्वरलिपी समोर ठेवून वादकांच्या मागोमाग चालतो. पहिल्यात अचूकता अधिक असते, दुसऱ्यात वादकांना लयीचे स्वातंत्र्य राहते.

ध्वनी आणि वादकांच्या अडचणी

अंतर्वक्र पृष्ठभाग ध्वनी परावर्तित करून ठरावीक ठिकाणी एकवटतो. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी केलेली कुजबुज समोरच्या बाजूस ऐकू येते, त्यामागे वक्र पृष्ठभागाचाच गुण आहे. वास्तूचे वैभव म्हणून हा गुण मोठा, पण चार वाद्यांच्या सूक्ष्म संवादाला तो मारक ठरतो. तारांगणाचा आतील घुमट बहुधा बारीक छिद्रे असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा असतो. छिद्रांतून ध्वनी पलीकडे जातो व मागील शोषक थरात विरतो. त्यामुळे घुमणे कमी होते, परंतु संगीतसभागृहात वाद्यांना मिळणारी नैसर्गिक आस येथे मिळत नाही आणि तंतुवाद्यांचा नाद कोरडा वाटू शकतो. ही उणीव सौम्य ध्वनिवर्धनाने भरून काढावी लागते.

प्रक्षेपकांचे व वातानुकूलन यंत्रांचे पंखे सतत गुणगुणत असतात. वातानुकूलनामुळे हवेतील दमटपणा बदलून तारांचे स्वर उतरतात वा चढतात. स्वरलिपी वाचण्यासाठी दिवा हवा, पण त्याचा उजेड घुमटावरील काळोख बिघडवतो. म्हणून अत्यंत मंद दिवे, काळ्या पार्श्वभूमीचे संगणकीय पडदे किंवा पाठांतर हे मार्ग अवलंबले जातात. गेऑर्ग फ्रीडरिश हास यांचे तिसरे चतुष्टय तर पूर्ण अंधारातच वाजवण्यासाठी रचलेले आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली सुरू झालेले कुसुमबाई मोतीचंद तारांगण हे भारतातील पहिले तारांगण मानले जाते. मुंबईत वरळी येथील नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी सुरू झाले. नागपुरात गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र १९९२ मध्ये उघडले व तेथील तारांगण १९९७ मध्ये कार्यान्वित झाले. विदर्भातील विद्यार्थ्यांना घुमटावरील आकाशाचा परिचय प्रामुख्याने येथेच होतो.

जिल्ह्याच्या आग्नेय भागातील कुहीसारख्या तालुक्याच्या गावातील प्रेक्षकाला अशा कार्यक्रमासाठी नागपूर गाठावे लागते. तारांगणाचे नेहमीचे प्रयोग दिवसा असल्याने शालेय सहली त्यांना येऊ शकतात. मैफल मात्र साहजिकच नेहमीचे प्रयोग आटोपल्यावर सायंकाळी ठेवावी लागते आणि परतीच्या प्रवासाची अडचण उभी राहते. हवेने फुगवायची फिरती तारांगणे गावोगावच्या शाळांत नेता येतात, पण घुमट फुगलेला ठेवणाऱ्या पंख्याचा आवाज आणि अपुरी जागा यांमुळे त्यांत चतुष्टय बसवणे व्यवहार्य नसते. याउलट, उघड्या आकाशाखाली रात्रभर चालणाऱ्या दंडार, खडी गंमत यांसारख्या लोकप्रकारांची परंपरा या भागाला आहे. खेड्यातील काळोखी रात्र आणि वाद्यांचा प्रत्यक्ष नाद यांचा मेळ तेथे घुमटाविना साधतो.

हिंदुस्थानी संगीताच्या दृष्टीने व्हायोलिन परके नाही. वि. गो. जोग, दा. के. दातार अशा वादकांनी ते रागसंगीतात रुजवले. रागांच्या समयसिद्धान्तामुळे संध्याकाळपासून पहाटेपर्यंतचे आकाश व त्या त्या प्रहराचे राग यांची जोडणी तारांगणात अर्थपूर्ण होऊ शकते. मात्र रागविस्तार आयत्या वेळी घडतो व त्याची मिनिटे आधी ठरत नाहीत. त्यामुळे तयार दृश्यफीत येथे निरुपयोगी ठरते आणि वादकाबरोबर चालणारा तंत्रज्ञ आवश्यक होतो.

मूल्यमापन

या प्रकारावरील मुख्य आक्षेप असा, की भव्य दृश्य कानापेक्षा डोळ्याला गुंतवते आणि संगीत पुन्हा पार्श्वसंगीत होऊन बसते. वादक अंधारात असल्याने त्यांच्या परस्परांकडे पाहण्यातून, श्वासातून, गजाच्या हालचालीतून प्रकटणारा संवाद दिसत नाही, आणि चतुष्टयाचा निम्मा आनंद तर त्यातच असतो. दुसरा आक्षेप खगोलशास्त्राच्या बाजूने येतो: आकाश समजावून देण्यासाठी उभारलेल्या वास्तूत आकाश केवळ सजावट बनू नये.

समर्थनाची बाजूही दुर्बळ नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या शिष्टाचारांनी बुजणारा श्रोता तारांगणात मोकळेपणाने येतो आणि ताऱ्यांसाठी आलेला विद्यार्थी प्रथमच चेलोचा नाद जवळून ऐकतो. दृश्ये संयत ठेवणे, काही भाग केवळ स्थिर तारकांखाली वाजवणे आणि आरंभी वाद्यांचा व नक्षत्रांचा थोडक्यात परिचय करून देणे, या उपायांनी दोन्ही आक्षेपांची धार कमी होते.

हेही पहा

तारांगण
तंतुवाद्य चतुष्टय
व्हॉयेजर सुवर्ण ध्वनितबकडी
केसरबाई केरकर
रमण विज्ञान केंद्र, नागपूर