गावातलं घर विकत घेताय? कोणता कागद किती भरवशाचा, ते इसाराआधी बघा

गावठाणातलं घर घ्यायचं ठरलं की विकणारा कागदांची पिशवी पुढं करतो. त्यात नमुना ८ चा उतारा असतो, घरपट्टीच्या पावत्या असतात, लाईटबिल असतं आणि आता बऱ्याच गावांत ड्रोन मोजणीनंतर मिळालेली सनदही असते. सगळ्यांवर शिक्के असल्यामुळं सगळंच पक्कं वाटतं. पण यातला प्रत्येक कागद वेगळ्या कामासाठी बनलेला आहे. करासाठीचा कागद मालकी सांगत नाही आणि मालकीचा कागद भिंतीला वाळवी लागलीय का ते सांगत नाही. चार-पाच हंगामांची शिल्लक एका व्यवहारात जाते, त्यामुळं कोणत्या कागदावर किती विसंबायचं हे आधीच माहीत पाहिजे.

नमुना ८ : ही कराची नोंद आहे

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घरपट्टी कोणाकडून घ्यायची, यासाठी ती ठेवलेली असते. घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे. गायरानातल्या किंवा सरकारी जागेतल्या अतिक्रमणाच्या घरांचीही कर आकारणी होते. पट्टी लागली म्हणून ते घर कायदेशीर होत नाही. गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात सगळ्या राज्यांना दिलेला आहे.

उताऱ्यात मालकाचं नाव आणि भोगवटादाराचं नाव वेगळं लिहिलेलं असतं. ही दोन नावं वेगळी दिसली तर तिथंच थांबा आणि कारण विचारा.

सनद आणि मिळकत पत्रिका : बरीच भक्कम, पण शेवटचा शब्द नाही

वर्षानुवर्षं गावठाणातल्या घराला सातबारासारखा उताराच नव्हता. ती उणीव भरण्यासाठी आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. नंतर २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला देशातल्या ७६३ गावांतल्या लोकांना पत्रिका वाटायला सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्रातली १०० गावं होती.

यात आधी चुन्याने हद्दी आखतात, मग ड्रोन उडतो, नकाशा तयार होतो आणि भूमी अभिलेखचे अधिकारी घरोघर हक्क चौकशी करतात. त्यामुळं नमुना ८ पेक्षा हा कागद कितीतरी वजनदार आहे. तरी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, ड्रोनला वरून छप्पर दिसतं, खालचे हक्क दिसत नाहीत. सामायिक भिंत कोणाची, पन्हाळीचं पाणी कोणाच्या बाजूला पडायचं, मधली बोळ कोणाची, हे चौकशीत जे सांगितलं गेलं त्यावर ठरतं. हद्द आखताना शेजारी पुण्या-मुंबईला असेल तर त्याचं म्हणणं राहून गेलेलं असू शकतं.

दोन, पत्रिकेवरचा 'सत्ता प्रकार' हा रकाना वाचा. तिथं 'ब' असेल तर जागेवर सरकारच्या अटी असतात आणि विक्रीला परवानगी लागू शकते.

तीन, महसुलातली हक्कनोंद चूक ठरेपर्यंत खरी धरायची, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं. म्हणजे ती चूकही ठरू शकते. मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच सुटतो.

महाभूलेखवर फुकटात दिसणारा उतारा फक्त बघण्यापुरता असतो. व्यवहारासाठी डिजिटल सहीचा उतारा काढा आणि तो ताजा असू द्या.

मोजणीची 'क' प्रत

पत्रिकेवर क्षेत्र लिहिलंय, पण जागेवर तेवढं आहे का, हे मोजणीनेच कळतं. मोजणीचा अर्ज ज्याचं नाव उताऱ्यावर आहे त्यानेच करायचा असतो, म्हणून इसाराआधी विकणाऱ्याला अर्ज करायला लावा. लगतच्या लोकांना नोटिसा जातात, भूकरमापक जागेवर येतो आणि नंतर अर्जदाराला 'क' प्रत मिळते. रेकॉर्डची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट यात फरक असेल तर तो तिथं दिसतो. एक हातभर फरक कागदावर छोटा वाटतो, पण उद्या बांधकाम काढलं की तोच भांडणाचं कारण होतो.

ही मोजणीही अंतिम नसते. न पटणारा शेजारी निमताना मोजणी मागू शकतो आणि त्याच्यावर जिल्हा अधीक्षकांकडं सुपर निमताना. शेजाऱ्यांनी मोजणीवेळी हजर राहून सह्या केल्यात का, हे विचारून घ्या. सह्या असलेली मोजणी जास्त टिकते. जिथं गावठाणाचं भूमापन झालेलंच नाही, तिथं ताडून बघायला जुना नकाशाच नसतो. तिथं जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा आणि शेजाऱ्यांचं म्हणणं यावरच भिस्त असते.

खरेदीखत आणि सर्च रिपोर्ट

१०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून, नोटरी करून घेतलेलं घर कायद्याने आपलं होत नाही. मुखत्यारपत्रावर विक्री होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केलंय.

नोंदणी झाली म्हणजे मालकी तपासली गेली, असंही समजू नका. दुय्यम निबंधक दस्त, ओळख, मुद्रांक बघतो. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे का, हे शोधणं घेणाऱ्याचं काम. त्यासाठी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची २ आपल्यालाही बघता येते. पण सर्च रिपोर्टमध्ये फक्त नोंदवलेले व्यवहार येतात. तोंडी वाटणी, नोंद न केलेलं मृत्युपत्र, घरावर उचललेले खासगी पैसे त्यात सापडत नाहीत. कोर्टात दावा चालू आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

सगळ्यात जास्त व्यवहार अडतात ते वारसांवर

उताऱ्यावर एकट्या भावाचं नाव असतं, पण घर वडिलोपार्जित असतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. म्हणून बहिणींची संमती तोंडी घेऊन भागत नाही. एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र बघा, नाहीतर सगळ्या वारसांना खरेदीखतावर सही करायला लावा.

एका भावाचाच हिस्सा घेत असाल तर जास्तच जपा. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्याने घेतला, तरी त्याला त्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मध्ये ही तरतूद आहे. पैसे जातात आणि हातात वाटपाचा दावा येतो.

बँकेने कर्ज दिलं म्हणजे घर चांगलं?

बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर येऊन बघून जातात, त्यामुळं लोक निर्धास्त होतात. पण तो अहवाल बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का, एवढ्यासाठी असतो. व्हॅल्युअर किंमत काढतो, तुळई ठोकून बघत नाही. त्यांचा अहवाल मागा, वाचा, पण स्वतःची तपासणी सोडू नका.

घराची तब्येत बघायला ओळखीचा गवंडी आणि एखादा सिव्हिल इंजिनिअर असे दोघं न्या. शक्यतो पावसाळ्यात बघा, कारण उन्हाळ्यात रंग दिलेल्या भिंतीतली ओल दिसत नाही. स्लॅबच्या खालून गज उघडे पडलेत का, चौकटीला वाळवी आहे का, भिंतीला तिरक्या भेगा आहेत का, हे बघा. मराठवाड्यात दगड-मातीच्या भिंती आणि वर जड माळवद असलेली घरं अजून आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच घरांखाली माणसं दबली. अशा घरात फक्त जागेचे पैसे मोजा, बांधकामाचे नको.

विजेचं प्रमाणपत्र आणि लाईटबिल

फ्रीज-एसीवर असतात तशी ताऱ्यांची लेबलं आता घरांनाही आहेत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ती सुरू केली. एक चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतील, यावरून १ ते ५ तारे मिळतात. पण ती ऐच्छिक आहेत आणि गावाकडच्या जुन्या घराला तसं लेबल असण्याची शक्यता फार कमी. शहरात फ्लॅट घेताना बिल्डरने तारे दाखवले, तर ते आकडे हिशेबाने काढलेले असतात हे ध्यानात ठेवा. तुमचं बिल तुमच्या वापरावर येतं.

आपल्यासाठी खरं प्रमाणपत्र म्हणजे मागच्या १२ महिन्यांची लाईटबिलं. एप्रिल-मेचे युनिट हिवाळ्यापेक्षा खूपच जास्त असतील, तर घर तापतं असं समजा. पत्र्याचं घर दुपारी दोनला जाऊन बघा, सकाळी नको.

थकबाकीही बघा. जुन्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवीन मालकाला जोडणी नाही, अशी अट वीज कंपनी घालू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटलंय.

इसाराआधी या क्रमाने जा

१. डिजिटल सहीची मिळकत पत्रिका, नाहीतर नमुना ८ आणि जुनं खरेदीखत.
२. वारसांची पूर्ण यादी, मुलींसह.
३. ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस.
४. मोजणी, शेजाऱ्यांसमोर.
५. गवंडी आणि इंजिनिअरची पाहणी.
६. घरपट्टी, पाणीपट्टी आणि विजेची बेबाकी.
७. मग इसार. तोही चेकने किंवा ऑनलाइन आणि लेखी साठेखत करून.

खरेदी झाल्यावर दोन नोंदी वेगवेगळ्या करायच्या असतात. मिळकत पत्रिकेवरचा फेरफार भूमी अभिलेख कार्यालयात आणि नमुना ८ वरचं नाव ग्रामपंचायतीत. एक केली की दुसरी आपोआप होते असं समजून अनेकजण थांबतात आणि घरपट्टी वर्षानुवर्षं जुन्याच मालकाच्या नावाने निघत राहते. उद्या तेच घर तुमच्या मुलांना विकायचं झालं, तर हीच नोंद त्यांना आडवी येईल.