प्रतापगडच्या भेटींतील गुप्त शस्त्रें

अंगावर गुप्तपणें बाळगावयाचें शस्त्र कोणतें निवडावें व तें कसें हाताळावें, हा प्रश्न पिस्तुलाच्या युगांत प्रथमच उत्पन्न झाला असें नव्हे. मराठ्यांच्या इतिहासांत त्याचा फार बारकाईनें विचार झालेला आढळतो. तो प्रसंग म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं झालेली शिवाजीमहाराज व अफजलखान यांची भेट होय. वाघनखांची कथा घरोघरीं मुलांसही ठाऊक असते; परंतु तेंच शस्त्र कां निवडलें गेलें, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं.

महाराजांचा संशय निराधार नव्हता. याच खानानें वीस वर्षांपूर्वीं शिऱ्याचा राजा कस्तुरीरंग भेटीस आला असतां त्याचा घात केला होता. पंताजी गोपीनाथ व कृष्णाजी भास्कर या वकिलांनीं भेट ठरविली, तेव्हां महाराजांपुढें मोठा पेंच पडला. उघड हत्यार मिरवावें तर सलोख्याच्या बोलण्यास बाध यावा. निःशस्त्र जावें तर प्राणाची शाश्वती नाहीं.

बंदुकीचा येथें उपयोग नव्हता. युरोपांत आंखूड पिस्तुलें सोळाव्या शतकांतच निघालीं होतीं. परंतु दख्खनच्या फौजांचा भर तोड्याच्या बंदुकीवर होता. जळता तोडा, त्याचा धूर व दारू ठासण्यास लागणारा वेळ, यांमुळें असलें हत्यार अंगरख्यांत लपणें अशक्यच. शिवाय भेट आलिंगनाची होती. रणांगणावर निरुपयोगी, पण हातभर अंतरावर खात्रीचें, असेंच शस्त्र तेथें हवें होतें.

म्हणून बिचवा व वाघनख यांची योजना झाली. बिचवा हा विंचवाच्या नांगीसारखा वांकडा, लहान खंजीर. तो अस्तनींत सहज मावतो. वाघनखाच्या लोखंडी पट्टीस वांकड्या नख्या असतात व पट्टीचीं वेढीं बोटांत घालतात. हात किंचित् मिटला कीं नख्या तळव्याआड जातात, आणि म्यानांतून उपसण्याचा वेळही वांचतो. मात्र हीं शस्त्रें धारण करणाऱ्यासही तितकींच घातक. मूठ नकळत आवळली तर आपलाच तळवा फाटावयाचा. बिचवा निसटला तर आपलेंच मनगट कापावयाचें. सराव नसलेल्या हाताचें हें काम नव्हे.

पुढील हकीकत सभासदाच्या बखरींत आहे. खानानें महाराजांची मान बगलेंत धरून कुशीवर जमदाड चालविली; पण महाराजांच्या अंगांत कुडती होती, तिच्यावर ती खरखरली. मग महाराजांनीं डाव्या हाताचें वाघनख व उजव्या हाताचा बिचवा चालविला. खानाच्या अंगांत केवळ झगा होता. मोगल तवारीखकार खाफीखान मात्र घाताचा दोष महाराजांवर ठेवितो. तरी सभासदाच्या हकीकतींतून एक गोष्ट स्पष्ट होते: महाराजांचा प्राण प्रथम कुडतीनें वांचविला, शस्त्राची पाळी त्यानंतर आली. पुढें सय्यद बंडा धांवून आला, तेव्हां जिवा महाल्याची दक्षता कामास आली.

साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत गेलेलीं वाघनखें २०२४ सालीं साताऱ्यास प्रदर्शनार्थ आलीं. तींच प्रतापगडचीं होत, असें ते संग्रहालय खात्रीनें सांगत नाहीं.

आज १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो. तो हातीं आल्यावर लोक आधीं नळीची लांबी व गोळीचा जोर पाहतात. प्रतापगडचा क्रम निराळा होता. प्रथम शत्रूच्या स्वभावाची पारख, मग वकिलांचें बोलणें, मग अंगांतील कुडती, मग विश्वासू सोबती, आणि सर्वांच्या अखेरीस मुठींतील नख्या. तो क्रम उलटा करणाऱ्यास उत्तम शस्त्रही तारील असें नाहीं.