लष्करी पदके व पलटणींचे बिल्ले (पुणे) : ओळख व संशोधन

लष्करी पदके व पलटणींचे बिल्ले (पुणे) : मोहिमेतील सहभाग, शौर्य किंवा दीर्घ सेवेबद्दल सैनिकाला मिळालेले पदक आणि त्याची पलटण किंवा हुद्दा दाखवणारे टोपीवरचे व खांद्यावरचे चिन्ह ओळखून मूळ मानकऱ्याचा माग काढण्याचा अभ्यास. पेशवाईच्या अखेरीपासून पुणे व खडकी ही ब्रिटिश लष्कराची मोठी ठाणी राहिल्याने येथील घरांत आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात भारतीय पलटणींबरोबर अस्सल ब्रिटिश पलटणींच्या वस्तूही सापडतात. पदकाची दर्शनी बाजू बहुधा फक्त मोहीम सांगते. माणूस सापडतो तो कडेवर. त्यामुळे ज्याच्या कडेवरचे नाव घासून टाकले आहे, ते पदक कितीही चकचकीत असले तरी अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल फार थोडे.

आर्मी ऑफ इंडिया पदक : पुणे परिसराशी सर्वांत निकटचा संबंध असलेले पदक. १८५१ मध्ये मंजूर झालेल्या या रौप्यपदकाचा खर्च ईस्ट इंडिया कंपनीने सोसला. दर्शनी बाजूस राणी व्हिक्टोरिया. मागे बसलेली विजयदेवता, शेजारी ताडासारखे झाड आणि खाली १७९९–१८२६ ही साले. दोन सालांमधली रेघ आखूड असलेला नमुना लांब रेघेच्या नमुन्यापेक्षा दुर्मिळ आहे. फीत फिकट निळी. वेगवेगळ्या लढायांसाठी फितीवर एकूण २१ प्रकारच्या पट्ट्या देण्यात आल्या. त्यांपैकी असई, अरगाव (आडगाव) व गाविलगड या १८०३ च्या मराठा युद्धाच्या, तर खडकी, पुणे, ‘खडकी व पुणे’, सीताबर्डी, नागपूर व कोरेगाव या १८१७–१८ च्या. पट्टीवरची इंग्रजी वर्णरचना त्या काळची आहे : खडकी ‘किर्की’ होते, तर कोरेगावचे स्पेलिंग आजच्या वाचकाला चटकन ओळखू येत नाही.

खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची आणि कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची. पदक मंजूर होईपर्यंत ३३ वर्षे लोटली होती आणि ते हयात असलेल्यांनाच मिळायचे होते. कोरेगावच्या तुकडीचा प्रमुख कॅप्टन स्टाँटन तोवर मरण पावला होता. म्हातारपणी अर्ज करून पदक मिळवणारे शिपाई थोडेच असणार, हे उघड आहे. म्हणूनच कोरेगावची पट्टी अतिशय विरळ आहे, आणि म्हणूनच बनावट पट्ट्यांत तिचा क्रमांक वरचा लागतो. पट्टी खरी असून पदक दुसऱ्याचे, किंवा पदक खरे असून पट्टी मागाहून रिव्हेटने जोडलेली, असे दोन्ही प्रकार आढळतात. कडेवरचे नाव आणि पदकधारकांची यादी जुळल्याखेरीज अशा पदकाची नोंद घेऊ नये.

कोरेगावात लढलेली पलटण मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. या लढाईबद्दल तिला ‘ग्रेनेडियर्स’ हा किताब मिळाला. कोरेगावच्या स्तंभाची पायाभरणी १८२१ ची असून त्यावरील मृतांच्या यादीत ‘नाक’ने संपणारी महार सैनिकांची नावे मोठ्या संख्येने आहेत. त्या शेवटाचे तत्कालीन रोमन लेखन पदकांच्या याद्या वाचताना उपयोगी पडते. लढाईचा निकाल आणि तिचा सामाजिक अर्थ यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; येथे त्यांचा विचार केलेला नाही. १९४१ मध्ये बेळगाव येथे उभारलेल्या महार रेजिमेंटच्या आरंभीच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. पुढे आडव्या-तिरप्या दोन मशीनगन आल्या आणि नंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेला बिल्ला त्यामुळे जुना ठरतो.

पलटणींचे क्रमांक : बिल्ला किंवा पदकाची कड वाचताना सर्वाधिक घोटाळा येथे होतो. १९०३ च्या, सरसेनापती लॉर्ड किचनेरच्या पुनर्रचनेत मुंबईच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकात शंभर आणि घोडदळाच्या क्रमांकात तीस मिळवले गेले. तिसरी मुंबई पलटण १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. चौथे मुंबई घोडदळ, म्हणजे पूना हॉर्स, ३४ वे झाले. १९२२ च्या रचनेत १०३, १०५, ११०, ११६ व ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन बनल्या. ११४ वी प्रशिक्षण बटालियन म्हणून दहावी ठरली. पूना हॉर्समध्ये ३३ वे घोडदळ विलीन होऊन ती सतरावी झाली. म्हणजे ३, १०३ आणि १/५ (पाचवीची पहिली बटालियन) हे तीन आकडे एकाच पलटणीचे. जुन्या पद्धतीत शिपायाचा क्रमांक पलटणीपुरताच असे. केवळ त्या क्रमांकावरून माणूस शोधू पाहणारा हमखास चुकतो.

पहिले महायुद्ध : सहावी (पूना) डिव्हिजन १९१४ अखेर मेसोपोटेमियात उतरली आणि तिच्यातील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणींची माणसे २९ एप्रिल १९१६ रोजी कुट येथे शरण आलेल्यांत होती. सैनिकांच्या घरी बहुधा १९१४–१५ चा तारा, रुपेरी ब्रिटिश वॉर मेडल व इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल असा संच असतो. ताऱ्याच्या मागच्या बाजूस आणि दोन्ही पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठशांनी उमटवलेली असतात. मात्र आडनाव बहुतेकदा नसते. नुसता ‘रामा’ किंवा ‘धोंडी’ असतो. ब्रिटिश वॉर मेडल कांस्याचेही असते. ते मजूर तुकड्यांतील लोकांना मिळाले. त्याला नकली समजून टाकून देऊ नये. मृताच्या वारसांना मिळालेली, सुमारे १२ सेंमी. व्यासाची कांस्य चकती वेगळी : तिच्यावर नाव असते, हुद्दा व पलटण नसते. रुपेरी पदके सोनाराकडे वितळली गेली, हे या काळातील पदके तुटक सापडण्याचे एक कारण.

दुसरे महायुद्ध : ब्रिटिश सैन्याला मोहिमेचे तारे व पदके विनानाव मिळाली, भारतीय सैनिकांच्या नगांवर मात्र बहुधा नाव असते. हा फरक इतका उपयोगी आहे की तो प्रथम तपासावा. इटली तारा, आफ्रिका तारा आणि बर्मा तारा यांच्या फितींवरून आघाडी ओळखता येते. कापडी चिन्हांत चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड व सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर ओळखण्यास सोपे. व्हिक्टोरिया क्रॉसचे मराठा लाइट इन्फंट्रीतील मानकरी यशवंत घाडगे (इटली, १० जुलै १९४४) व नामदेव जाधव (इटली, ९ एप्रिल १९४५) हे होत. नामदेव जाधवांचे निधन पुण्यात झाले.

ब्रिटिश व अन्य युरोपीय चिन्हे : बिल्ल्यावरचा मुकुट काळ ठरवतो. गोलाकार खांद्यांचा मुकुट १९०१ ते १९५२ मधील राजांचा. मधोमध खोलगट झालेला १९५३ ते २०२२ मधील राणीचा. भारतात ओतलेल्या प्रतींवर बारीक रेषा बोथट दिसतात. म्हणून त्या नकलीच असतात असे नाही, छावणीत हरवलेल्याच्या बदली म्हणूनही त्या केल्या जात. दुसऱ्या महायुद्धातील काटकसरीचे बिल्ले प्लॅस्टिकचे होते. जर्मन लोहक्रॉसवर १८१३, १८७०, १९१४ किंवा १९३९ साल असते. लोखंडी गाभा व रुपेरी चौकट अशी त्याची घडण असल्याने लोहचुंबकाची चाचणी प्राथमिक ठरते, निर्णायक नाही. कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तेथून आलेला असू शकणारा, ‘चुवाय’ हा शब्द असलेला पोलिश बालवीरांचा क्रॉस पोलिश शौर्यपदकाच्या आकारावर बेतलेला आहे, पण लष्करी नाही.

स्वातंत्र्योत्तर पदके : परमवीरचक्राचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. त्या मूळच्या स्वित्झर्लंडमधील नशातेल येथील. लग्न मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी झाले. कांस्याचे हे पदक, त्यावरील इंद्राची चार वज्रे आणि जांभळी फीत ही त्याची ओळख. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे हे त्याचे मानकरी. ते १९९४ मध्ये पुण्यात वारले.

गुंड्या, पट्टे, बकले : स्वतंत्र नोंद आवश्यक.

साधने : ब्रिटिश पदकयाद्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, तर कंपनीच्या व भारतीय सैन्याच्या कित्येक याद्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट व भारत सरकारचे राजपत्र पाहावे. पुण्यातील पेशवे दफ्तर या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथील कागद बव्हंशी पेशवाईच्या राज्यकारभाराचे. खडकी युद्धस्मशानभूमीतील स्मारकावर पहिल्या महायुद्धातील सुमारे १,८०० सैनिकांचे स्मरण आहे आणि थडग्यांच्या शिळांवर कोरलेली पलटणींची चिन्हे हा बिल्ले पडताळण्याचा गावातच उपलब्ध असलेला सर्वांत खात्रीचा संच आहे. सातारा, रत्नागिरी भागांतील गावांत पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली व किती परतली नाहीत, हे सांगणाऱ्या शिळाही आहेत.

कायदा : शंभर वर्षांपेक्षा जुनी पदके १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात, परदेशी विक्रीपूर्वी परवानगी तपासावी.