डेटा सेंटरची भौतिक सुरक्षा व पर्यायी यंत्रणा

डेटा सेंटर किंवा विदा केंद्र म्हणजे सर्व्हर, साठवण उपकरणे व नेटवर्क साहित्य एकत्र ठेवून अखंड चालवण्यासाठी बांधलेली वास्तू होय. संकेतस्थळे, बँका, रुग्णालये व शासकीय सेवा अशा केंद्रांत जागा किंवा सर्व्हर भाड्याने घेतात. या सेवेस होस्टिंग असे म्हणतात. केंद्राचे अनधिकृत प्रवेश, आग, पाणी व वीजखंड यांपासून रक्षण करणाऱ्या व्यवस्थेला भौतिक सुरक्षा, तर मुख्य यंत्रणा बंद पडल्यास काम पुढे चालवणाऱ्या व्यवस्थेला पर्यायी यंत्रणा म्हणतात.

प्रवेश नियंत्रण

सुरक्षेची रचना एकात एक असलेल्या कड्यांसारखी असते: बाहेरील कुंपण व पहारा, इमारतीचे प्रवेशद्वार, सर्व्हर कक्ष आणि शेवटी कुलूपबंद रॅक. प्रत्येक टप्प्यावर ओळखपत्र, बोटांचे ठसे किंवा बुबुळांची पडताळणी केली जाते. अधिकृत व्यक्तीच्या पाठोपाठ दुसऱ्याने आत शिरू नये म्हणून दुहेरी दारांची खोली असते. पहिले दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. अभ्यागतांची नोंद व कॅमेऱ्यांचे चित्रीकरण ठरावीक काळ जपले जाते.

वीजपुरवठा

वीज खंडित होताच यूपीएसमधील बॅटऱ्या भार उचलतात. त्या काही मिनिटेच पुरतात; तेवढ्या वेळात डिझेल जनित्रे सुरू होऊन स्थिर होणे अपेक्षित असते. गरजेपेक्षा एक यंत्र अधिक ठेवण्याच्या पद्धतीस 'एन अधिक एक', तर संपूर्ण दुसरा संच ठेवण्याच्या पद्धतीस 'दोन एन' म्हणतात. अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था केंद्रांचे टियर १ ते ४ असे वर्गीकरण करते. टियर ३ केंद्रात सेवा न थांबवता कोणत्याही भागाची दुरुस्ती करता येते. टियर ४ केंद्र एखाद्या भागात अचानक आलेला बिघाडही सहन करते. पनवेल येथील योट्टा कंपनीचे २०२० मध्ये सुरू झालेले केंद्र टियर ४ प्रमाणित आहे.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा–पडघा पट्ट्यातील उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील वीज गेली आणि उपनगरी रेल्वे थांबली. बिघाडाच्या वेळी मुंबईचे वीजजाळे वेगळे काढून चालू ठेवणारी 'आयलँडिंग' व्यवस्थाही त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. पुरवठा टप्प्याटप्प्याने पूर्ववत झाला. अशा प्रसंगी केंद्राचे काम बॅटऱ्या, जनित्रे व इंधनसाठा यांवरच अवलंबून राहते.

आग व पाणी

सर्व्हर कक्षात पाण्याच्या फवाऱ्याने उपकरणांची हानी होऊ शकत असल्याने अनेक केंद्रांत नायट्रोजन, आर्गॉन यांसारखे वायू वापरून आग विझवली जाते. हवेचे नमुने सतत तपासणारी यंत्रणा धुराची सूचना लवकर देते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र जळून नष्ट झाले. ज्या ग्राहकांच्या प्रतीही त्याच आवारात होत्या, त्यांपैकी काहींची माहिती कायमची गेली.

वसई-विरार परिसर

वसई-विरार शहर महानगरपालिकेची स्थापना ३ जुलै २००९ रोजी झाली. २०१४ पासून हे क्षेत्र पालघर जिल्ह्यात आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी व पश्चिमेस अरबी समुद्र असलेल्या या भागात मिठागरे व सखल जमीन बरीच आहे. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत नालासोपारा येथे रूळ पाण्याखाली जाऊन रेल्वे वाहतूक थांबली, वसई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला व मिठागर वस्तीतील लोक अडकून पडले.

अशा ठिकाणी तळमजल्यावर ठेवलेले जनित्र किंवा तळघरातील बॅटऱ्या नेमक्या संकटाच्या वेळी निरुपयोगी ठरतात. रस्ते बंद असताना डिझेलचा टँकर व दुसऱ्या पाळीचे कर्मचारीही पोहोचू शकत नाहीत. त्यामुळे उपकरणे पूररेषेपेक्षा उंच ठेवणे, इंधन आधीच साठवणे आणि इंटरनेटच्या दोन वाहिन्या वेगवेगळ्या मार्गांनी आणणे आवश्यक असते. हे तत्त्व लहान दवाखाना, पतसंस्था किंवा महाविद्यालयाच्या सर्व्हर खोलीलाही लागू पडते.

माहितीच्या प्रती व आपत्कालीन केंद्र

'तीन-दोन-एक' या प्रचलित नियमानुसार माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांतील एक दूरच्या ठिकाणी ठेवली जाते. किती वेळापर्यंतची माहिती गमावणे परवडेल आणि सेवा किती वेळात सुरू व्हावी, हे दोन निकष आधी ठरवावे लागतात. मुंबईतील केंद्राची पर्यायी जागा वसईत ठेवल्यास एकच अतिवृष्टी किंवा वीजजाळ्यातील एकच बिघाड दोन्हींना गाठू शकतो. म्हणून मोठ्या संस्था ती वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात, शेकडो किलोमीटर दूर ठेवतात.

पर्यायी केंद्र असणे व ते वेळेवर वापरात आणणे या भिन्न गोष्टी आहेत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० पासून सुमारे चार तास बंद राहिले. पर्यायी केंद्र असूनही कामकाज तेथे हलवले गेले नाही. पुढील महिन्यात सेबीने आपत्ती घोषित झाल्यापासून ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करण्याची मर्यादा बाजारांना घालून दिली. यामुळेच जनित्रांची भारासह चाचणी, प्रतींमधून माहिती परत मिळवून पाहणे व स्थलांतराचा नियमित सराव हे पर्यायी यंत्रणेचे अविभाज्य भाग मानले जातात.