वेगवान की वेळेवर?

शाळेची घंटा शिपायाने कधी दोन मिनिटे आधी, तर कधी दोन मिनिटे उशिरा दिली, तर सरासरी चूक शून्य भरेल. वेळापत्रक मात्र कोलमडेल. यंत्राचा हात हलवणाऱ्या संगणकाचेही असेच आहे. त्याचे उत्तर सरासरीने लवकर येऊन भागत नाही. दर वेळी ठरल्या मुदतीत यावे लागते.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेली लिनक्स प्रणाली या बाबतीत कच्ची होती. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एखादे काम चालू असले की तातडीच्या कामालाही थांबावे लागे. मात्र तिची आज्ञावली खुली असल्याने कोणालाही त्यावर उपाय शोधता येत होता.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी लिनक्सच्या खाली एक चिमुकला कर्नल बसवला. यंत्राची हाक आधी त्याच्याकडे जाई. अख्खे लिनक्स हे त्याचे सर्वांत कमी महत्त्वाचे काम! ही ‘आरटीलिनक्स’. वेळ काटेकोर पाळली जाई, पण तातडीचा भाग वेगळा लिहावा लागे आणि त्याला लिनक्सच्या नेहमीच्या सोयी मिळत नसत.

दुसरा मार्ग लिनक्सलाच शिस्त लावण्याचा. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर प्रभृतींनी २००४ च्या सुमारास तो धरला. गाभ्यातील बहुतेक कामे मध्येच थांबवता येतील अशी रचना त्यांनी केली. यात एकूण उरक थोडा घटतो. हे काम मूळ लिनक्समध्ये पुरते सामावायला नोव्हेंबर २०२४ ची ६.१२ ही आवृत्ती उजाडली.

आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीपुढे प्रश्न निराळा होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या योजनेत बाजारात मिळणारे सुटे भाग आणि लिनक्सवर चालणारे ४८ संगणक वापरले होते. ३२ अँटेनांच्या प्रत्येकी दोन, अशा ६४ वाहिन्या. पट्टा ३३ मेगाहर्ट्झचा. त्यासाठी प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. एकूण सुमारे ४२२ कोटी! एखादा नमुना स्मृतीत क्षणभर थांबला तर बिघडत नाही. पण आवकेपेक्षा उरक कमी पडला, तर साठा ओसंडतो आणि आकाशातला तो क्षण परत येत नाही.

म्हणजे निवडीआधी विचारायचे ते एवढेच : उशीर झाला तर नेमके काय बिघडेल? वाहतुकीचा दिवा, बँकेचे व्याज, रुग्णाचा श्वसनयंत्रणेवरील श्वास – मुलांना ही यादी देऊन हाच प्रश्न विचारून पाहा.