यूएसबी-सिरियल अडॅप्टर : बोर्डाशी जोडणी

संगणकाचे यूएसबी पोर्ट आणि मायक्रोकंट्रोलरच्या सिरियल पिना यांच्यामधला दुवा. ईएसपी-०१, ईएसपी३२-कॅम, अर्डुइनो प्रो मिनी अशा बोर्डांवर स्वतःचे यूएसबी पोर्ट नसते. त्यांत प्रोग्रॅम भरायला हा अडॅप्टर लागतो. त्यावरची चिप बहुधा एफटी२३२आर, सीपी२१०२ किंवा सीएच३४० असते.

जोडणी तीन तारांची. आधी ग्राउंडला ग्राउंड, मग एकाची टीएक्स पिन दुसऱ्याच्या आरएक्सला. तारांच्या रंगावर विसंबू नये. एफटीडीआयच्या टीटीएल केबलमध्ये नारिंगी तार टीएक्सची आणि हिरवी आरटीएसची असते; पीएल२३०३च्या अनेक केबलींमध्ये मात्र हिरवीच तार टीएक्स असते.

बोर्ड उडतो तो बहुतेकदा व्होल्टेजमुळे. ईएसपी-०१वरचा ईएसपी८२६६ हा ३.३ व्होल्टचा आयसी आहे, तर यूएसबीतून ५ व्होल्ट येतात. अडॅप्टरवर ३.३/५ असा जंपर असला तरी निर्धास्त होऊ नये: काही अडॅप्टरांत तो फक्त व्हीसीसी पिनेचे व्होल्टेज बदलतो, टीएक्स ५ व्होल्टवरच राहते. म्हणून बोर्ड जोडण्यापूर्वी टीएक्स आणि ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर लावावा. संदेश जात नसताना ही पिन ‘हाय’ असते, त्यामुळे खरे व्होल्टेज लगेच दिसते. ५ आढळल्यास १ किलोओहम टीएक्सच्या वाटेत आणि २ किलोओहम ग्राउंडकडे लावून ते ३.३वर आणता येते. उलट दिशेला याची गरज नाही. अर्डुइनो प्रो मिनीवरचा, ५ व्होल्टवर चालणारा एटीमेगा३२८पी ३.३ व्होल्टला ‘हाय’ समजतो.

विद्युत्प्रवाह हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होते. एफटी२३२आरची ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते. वायफायवर प्रक्षेपण करताना ईएसपी८२६६ला त्याच्या कित्येक पट लागतो. बोर्ड वारंवार रीसेट होतो आणि दोष प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. अशा बोर्डाला स्वतंत्र ३.३ व्होल्टचा पुरवठा द्यावा; मग अडॅप्टरचा व्हीसीसी जोडू नये, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांत प्रवाह ढकलतात. बोर्डाचा पुरवठा बंद आणि अडॅप्टर चालू असल्यास टीएक्समधून संरक्षक डायोडमार्गे प्रवाह शिरतो आणि बोर्ड अर्धवट जागा राहतो. टीएक्सच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर असल्यास हा प्रवाह फार कमी होतो.

नऊ पिनांचा जुना आरएस-२३२ पोर्ट बोर्डाला थेट जोडू नये. त्यावरचे व्होल्टेज उणेही जाते, अगदी १५ व्होल्टपर्यंत. मध्ये मॅक्स३२३२सारखा आयसी हवा.

सर्वांत गंभीर धोका स्मार्ट प्लगसारख्या उपकरणांत. अनेकांचा पुरवठा घरच्या विजेपासून विलग केलेला नसतो, त्यामुळे बोर्डाच्या ग्राउंडवरच २३० व्होल्टचा फेज असू शकतो. उपकरण सॉकेटमधून पूर्ण काढून, बाहेरच्या ३.३ व्होल्टवरच त्यात प्रोग्रॅम भरावा.